मनसरचे देवकुल आणि पवनीचे स्तूप : पूर्व विदर्भातील टेकड्यांची साक्ष

पूर्व विदर्भाच्या प्राचीन इतिहासाची साधने मुख्यतः टेकड्यांच्या पोटात दडलेली होती. त्यांपैकी दोन स्थळे बौद्ध अभ्यासकांच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची आहेत. पहिले नागपूरहून जबलपूरकडे जाणाऱ्या महामार्गावर, रामटेकच्या अलीकडे असलेले मनसर आणि दुसरे वैनगंगेच्या काठचे, भंडारा जिल्ह्यातील पवनी. मनसरची 'हिडिंबा टेकडी' खोदली असता तिच्यातून विटांचे एक भव्य देवालय बाहेर आले. पवनीची 'जगन्नाथ टेकडी' खोदली असता जगन्नाथाच्या नावाखाली एक विशाल स्तूप निघाला. या दोन निष्कर्षांकडे बौद्ध वाचकाने कसे पाहावे, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

हा विषय निवडण्यास एक प्रत्यक्ष कारण आहे. गोंदिया जिल्ह्याच्या दक्षिण टोकास असलेल्या केशोरीच्या परिसरात, तसेच अर्जुनी-मोरगाव व लाखांदूरकडील विहारांत प्रवचनाच्या निमित्ताने जाणे होते, तेव्हा उपासक-उपासिकांकडून एक प्रश्न आम्हांस हमखास विचारला जातो : "मनसरचे ते मोठे मंदिर मुळात आपलेच ना?" प्रश्न विचारणाऱ्याच्या मनात उत्तर आधीच ठरलेले असते व आम्ही केवळ होकार द्यावा एवढीच अपेक्षा असते. या प्रश्नामागची वेदना खरी आहे. ज्या समाजाचा इतिहास शतकानुशतके पुसला गेला, त्याने प्रत्येक उंचवट्याकडे आशेने पाहावे हे स्वाभाविक आहे. परंतु वेदना खरी असली म्हणजे प्रत्येक उत्तर खरे ठरत नाही. म्हणून या प्रश्नाची साधार चिकित्सा करणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

मनसरचे उत्खनन

मनसरचा परिसर अभ्यासकांना अगदीच अपरिचित नव्हता. तेथील मँगनीजच्या खाणींमुळे या भागात वावरणाऱ्या वेलस्टेड नावाच्या इंग्रज गृहस्थाने विसाव्या शतकाच्या तिसऱ्या-चौथ्या दशकांत येथील विटांच्या अवशेषांकडे लक्ष वेधले व त्यांचा संबंध वाकाटकांशी जोडला. १९७२ मध्ये येथे एक अप्रतिम शिल्प मिळाले. बुटक्या, स्थूल देहाची, प्रसन्न मुद्रेची ही शैव मूर्ती आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात असून प्राचीन भारतीय शिल्पकलेच्या उत्तम नमुन्यांत तिची गणना होते. पुढे १९९४-९५ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या वतीने अमरेंद्र नाथ यांनी येथे उत्खनन केले.

परंतु मनसरचे खरे दर्शन घडविले ते १९९७-९८ पासून २००४ पर्यंत चाललेल्या उत्खननाने. भदन्त आर्य नागार्जुन सुरेई ससाई यांच्या प्रेरणेने स्थापन झालेल्या बोधिसत्त्व नागार्जुन स्मारक संस्था व अनुसंधान केंद्राने हे कार्य हाती घेतले. पुरातत्त्व सर्वेक्षणाचे माजी महासंचालक जगत्पती जोशी व अनुभवी उत्खननतज्ज्ञ अ. कु. शर्मा यांच्याकडे त्याची धुरा होती. बौद्ध संस्थेने पुढाकार घेऊन, शास्त्रीय शिस्तीने, इतका दीर्घकाळ चालविलेले उत्खनन आपल्या देशात विरळाच. या गोष्टीचा अभिमान प्रत्येक बौद्धाने बाळगावा. मात्र हा अभिमान उत्खननातून काय निघाले यावर अवलंबून नसावा, उत्खनन केले यावर असावा. कारण नागार्जुनाच्या शोधार्थ निघालेल्या या संस्थेच्या हाती जे लागले, ते प्रामुख्याने एका शिवभक्त राजाचे देवकुल होते.

हिडिंबा टेकडी जवळजवळ संपूर्ण विटांनी मढविलेली आहे. टप्प्याटप्प्याने वर चढत जाणारे चौथरे, अर्धस्तंभांनी व कोनाड्यांनी सजविलेल्या भिंती, वर जाणाऱ्या पायऱ्या आणि शिखरावर देवालय असे तिचे विधान आहे. टेकडीच्या परिसरात तांबड्या वालुकाश्मातील शैव शिल्पे मिळाली. टेकडीपासून काही अंतरावर एका मोठ्या वास्तूचे अवशेष उघडे झाले असून तो राजप्रासाद असावा असे अनेक अभ्यासक मानतात. सर्वांत निर्णायक पुरावा मात्र आकाराने सर्वांत लहान आहे. तो म्हणजे मातीच्या मुद्रांवरील 'प्रवरेश्वर' हे नाव.

या नावाचे महत्त्व ताम्रपटांवरून कळते. वाकाटक नृपती दुसरा प्रवरसेन याने पाचव्या शतकाच्या पूर्वार्धात नंदिवर्धन येथून आपली राजधानी प्रवरपूर नावाच्या नव्या नगरीस हलविली, हे त्याच्याच ताम्रपटांवरून स्पष्ट होते. त्याच्या काळातील लेखांत प्रवरेश्वराच्या देवकुलाचाही उल्लेख येतो. 'प्रवरेश्वर' म्हणजे प्रवरसेनाने स्थापिलेला ईश्वर, अर्थात शिव. आपल्या नावाने शिवलिंग स्थापण्याची ही प्रथा प्राचीन राजांत रूढ होती. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी प्रवरपूर म्हणजे वर्धा जिल्ह्यातील पवनार असे मत मांडले होते व ते दीर्घकाळ मान्य होते. मनसरच्या मुद्रांनी व वास्तूंनी चित्र पालटले. २००८ मध्ये लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये या विषयावर परिसंवाद झाला. त्यातील निबंधांचे संपादन करणारे डच संस्कृतज्ञ हान्स बाकर यांनी मनसर हेच प्रवरेश्वराचे व प्रवरपुराचे स्थान असल्याचे साधार प्रतिपादन केले आहे.

म्हणजेच मनसरचे देवकुल हे राजधानीच्या कडेला, वस्तीवरून नजर ठरेल अशा उंचीवर, राजाने आपल्या सत्तेची खूण म्हणून उभारलेले शैव मंदिर होय. तेथून सुमारे दोन कोसांवर रामगिरी आहे. त्या टेकडीवर केवल नरसिंह, रुद्र नरसिंह, त्रिविक्रम, वराह व भोगराम ही वाकाटककालीन वैष्णव मंदिरे आहेत. केवल नरसिंहाच्या भिंतीवरील शिलालेखात वाकाटक-गुप्त घराण्यांच्या संबंधांची माहिती येते. प्रवरसेनाची माता प्रभावतीगुप्ता ही सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची कन्या असून ती विष्णुभक्त होती. तिचा ऋद्धपूर येथील ताम्रपट रामगिरीच्या स्वामीच्या चरणांपासून दिलेला आहे. जवळच्या नगरधन येथे २०१५ ते २०१८ या काळात झालेल्या उत्खननात तिच्या नावाची मुद्राही मिळाली. माता वैष्णव व पुत्र शैव असे हे राजकुल होते आणि मनसर, रामटेक व नगरधन या त्रिकोणात त्याची धार्मिक व राजकीय केंद्रे होती.

उत्खननकर्त्यांचे मत आणि मतभेद

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदविली पाहिजे. मनसरच्या उत्खननकर्त्यांनी तेथील काही विटांच्या बांधकामांचा अन्वयार्थ स्तूप, चैत्य व विहार असा लावला आहे. त्यांच्या मते वाकाटकांच्या आधी व नंतरही या स्थळी बौद्धांचे वास्तव्य होते. वाकाटक इतिहासाच्या इतर अभ्यासकांना हा अन्वयार्थ पटलेला नाही. टेकडीवर चुन्यामातीने घडविलेली एक मानवाकृतीही सापडली. उत्खननकर्त्यांनी तिचा संबंध पुरुषमेधाशी जोडला, तर बाकर यांनी वास्तुपुरुषाच्या कल्पनेच्या अनुषंगाने तिचा विचार केला. एकाच खड्ड्यातून निघालेल्या एकाच वस्तूविषयी विद्वानांत एवढे अंतर पडू शकते. मग विटांच्या गोल अथवा ताराकृती बांधकामाविषयी मतभेद व्हावेत यात नवल नाही.

अशा वेळी वाचकाने कोणता पक्ष घ्यावा? आमच्या मते पक्ष घेण्याआधी कसोट्या ठरवाव्यात. स्तूप म्हणावयाचे तर भरीव अंड, त्याभोवती प्रदक्षिणापथ, वेदिका, धातुकरंडक, दानलेख यांपैकी किती गोष्टी मिळतात? विहार म्हणावयाचा तर अंगणाभोवती भिक्षूंच्या खोल्यांची रांग आहे काय? प्रतीत्यसमुत्पादाची गाथा कोरलेल्या मुद्रा मिळतात काय? संघास दिलेल्या दानाचा लेख आहे काय? आणि हे सारे कोणत्या थरात मिळते? या कसोट्या लावल्या असता प्रवरेश्वराचे देवकुल निर्विवाद सिद्ध होते. त्याखालील अथवा त्यावरील बौद्ध वास्तूंचे मत मात्र एका पक्षाचे मत म्हणूनच उरते. पुढे नवा पुरावा मिळाल्यास त्याचा विचार करता येईल. आज मात्र आम्ही याहून अधिक म्हणू शकत नाही आणि कोणी म्हणू नये.

नाव हा पुरावा नव्हे

मनसरशी नागार्जुनाचे नाव जोडले जाते, त्यास आधार काय? रामटेकच्या परिसरात नागार्जुनाच्या नावाची टेकडी आहे. शिवाय चिनी यात्रिक ह्युएनत्संग याने सातव्या शतकात कोसल देशाचे वर्णन करताना नागार्जुन व सातवाहन राजा यांची कथा दिली आहे. राजाने नागार्जुनासाठी डोंगर खोदून पाच मजली विहार करविला, पुढे भिक्षूंमध्ये कलह झाला, ती संधी साधून ब्राह्मणांनी विहार बळकावला व भिक्षूंसाठी मार्ग बंद केले, असे त्याने लिहून ठेविले आहे. हा वृत्तान्त वाचून कोणाही बौद्धाचे मन हेलावते आणि मनसरचे देवालय पाहिले की तोच हा विहार असे वाटू लागते.

परंतु ह्युएनत्संगाने वर्णिलेला विहार डोंगर कोरून केलेला आहे. मनसरची वास्तू विटांची आहे. ह्युएनत्संगाचा कोसल म्हणजे नेमका कोणता प्रदेश, याविषयीही एकवाक्यता नाही. त्याच्या वर्णनातील पर्वतासाठी चांद्याच्या परिसरापासून आंध्रातील नागार्जुनकोंड्यापर्यंत अनेक स्थळे सुचविली गेली आहेत. नागार्जुनकोंड्याचेच उदाहरण बोधप्रद आहे. तेथे स्तूप व विहारांची रेलचेल आहे. धरणाच्या पाण्याखाली जाण्यापूर्वी, १९५४ ते १९६० या काळात, तेथे विस्तृत उत्खनन झाले. तरीही तेथील इक्ष्वाकुकालीन लेखांत त्या स्थळास श्रीपर्वत व विजयपुरी अशी नावे आहेत. नागार्जुनाचे नाव त्या डोंगरास नंतरच्या काळात मिळाले. बौद्ध स्थळ म्हणून ज्याविषयी तिळमात्र शंका नाही, तेथेही नाव हा पुरावा ठरत नसेल, तर रामटेकच्या टेकडीचे नाव एकटे काय सिद्ध करणार?

आणि नावावरच भिस्त ठेवावयाची तर ती आपल्यावरच उलटते. मनसरच्या टेकडीस लोक हिडिंबेची म्हणत होते. म्हणून तेथे हिडिंबेचे राज्य होते असे कोणी मानत नाही. पवनीच्या टेकडीस जगन्नाथाचे नाव होते आणि दुसऱ्या एका टेकडीस सुलेमानाचे. त्या नावांवर विसंबून अभ्यासक थांबले असते, तर विदर्भातील सर्वांत मोठे स्तूप आजही मातीखाली राहिले असते.

पवनीची साक्ष

पवनी हे मातीच्या तटबंदीने वेढलेले प्राचीन नगर. १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ व भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी संयुक्तपणे येथे उत्खनन केले. विद्यापीठाच्या वतीने शां. भा. देव आणि सर्वेक्षणाच्या वतीने जगत्पती जोशी हे त्याचे प्रमुख होते. सुमारे तीन दशकांनंतर मनसर खोदणारे ते हेच जोशी. १९९४ मध्ये पवनीच्या हरदोलाला टेकडीवर पुढील उत्खनन करणारे अमरेंद्र नाथ यांनी मनसरलाही उत्खनन केले होते. म्हणजे एकाच परंपरेतील हातांनी, एकाच पद्धतीने दोन्ही स्थळे तपासली. पवनीचा निष्कर्ष आपल्याला आवडतो म्हणून तो शास्त्रीय आणि मनसरचा आवडत नाही म्हणून तो कटाचा भाग, असे म्हणण्यास येथे जागाच उरत नाही.

पवनीस काय मिळाले ते पाहावे. जगन्नाथ टेकडीत सुमारे ३८ मीटर व्यासाचा, तर सुलेमान टेकडीत सुमारे ४१ मीटर व्यासाचा स्तूप निघाला. सांचीच्या मोठ्या स्तूपाचा व्यास सुमारे ३६ मीटर आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे पवनीचे महत्त्व कळते. या स्तूपांचा आरंभ मौर्यकालापर्यंत मागे जातो व पुढे सातवाहनकाळी त्यांचा विस्तार झाला. प्रदक्षिणापथ, दगडी वेदिकेचे स्तंभ व सूची, त्यांवरील बोधिवृक्ष, धर्मचक्र व स्तूपपूजेची दृश्ये आणि ब्राह्मी लिपीतील प्राकृत दानलेख असा सर्व साज तेथे आहे. वर सांगितलेल्या कसोट्यांपैकी बहुतेक सर्व येथे पूर्ण होतात.

पाली भाषेच्या अभ्यासकास तर पवनी ही पर्वणीच आहे. तेथील एका शिल्पात पाच फण्यांचा नाग असून त्याखाली 'मुचरिंद नाग' या अर्थाचा लेख आहे. उदानाच्या दुसऱ्या वर्गास ज्याच्यावरून नाव मिळाले व विनयाच्या महावग्गात ज्याची कथा येते, तोच हा मुचलिंद. संबोधीनंतर सात दिवस अवेळी पाऊस पडत असता आपल्या वेटोळ्यांनी व फणांनी भगवंतांस त्याने आच्छादिले. शिल्पात भगवंतांची मानवी आकृती नाही, रिकामे आसन आहे. कारण त्या काळी बुद्धमूर्ती घडविण्याची प्रथा रूढ झाली नव्हती. वैनगंगेच्या काठचा शिल्पकार पाली परंपरेतील ही कथा जाणत होता, नाव लिहून ती ओळखवीत होता आणि येणारा उपासक ते नाव वाचीत होता. दोन हजार वर्षांपूर्वी आपल्या भागात धम्म किती खोलवर रुजला होता, याचा याहून बोलका पुरावा कोणता हवा? आणि या स्तूपावर उभ्या राहिलेल्या मंदिराने टेकडीस आपले नाव दिले, हेही येथे केवळ तर्काने नव्हे तर थराथराने सिद्ध झाले आहे.

जवळच चंद्रपूर जिल्ह्यात देवटेक येथे मिळालेल्या शिळेची साक्षही अशीच आहे. या एकाच शिळेवर दोन लेख आहेत. जुना लेख अशोककालीन ब्राह्मी वळणाचा असून त्यात प्राण्यांना पकडणे व मारणे यांस मनाई करणारी आज्ञा आहे. मिराशींनी तिचा संबंध अशोकाच्या धर्ममहामात्राशी जोडला. दुसरा लेख वाकाटक राजा रुद्रसेन याच्या धर्मस्थानाचा आहे. सहा-सात शतकांच्या अंतराने दुसऱ्या राजसत्तेने तीच शिळा आपल्या कामासाठी वापरली. स्थळांवर व दगडांवर एक परंपरा दुसरीच्या जागी येते ती कशी, हे या शिळेवर अक्षरशः वाचता येते.

नगराबाहेरील चैत्ये : पाली ग्रंथांचा दृष्टिकोन

नगराच्या वेशीबाहेर पूजास्थान असणे ही केवळ वाकाटकांची कल्पना नव्हे. दीघनिकायातील महापरिनिब्बानसुत्तात वैशालीच्या उदेन, गोतमक, सत्तम्ब, बहुपुत्त, सारन्दद व चापाल या चैत्यांची नावे येतात. भगवंतांनी त्यांच्या रमणीयतेचा मोकळेपणाने गौरव केला आहे. त्याच सुत्तात वज्जींच्या अपरिहानीय धर्मांत एक धर्म असा सांगितला आहे, की आपली नगरातील व नगराबाहेरील चैत्ये ते सन्मानितात व त्यांना पूर्वी दिलेली बली कमी करीत नाहीत. ही चैत्ये बुद्धाची नव्हती. ती त्या लोकांची जुनी पूजास्थाने होती. तरीही त्यांच्या सन्मानास भगवंतांनी गणराज्याच्या अभ्युदयाचे एक कारण मानले.

आचार्य बुद्धघोष तर याहून स्पष्ट सांगतात. सारन्दद चैत्य हे तथागतांच्या उदयापूर्वी सारन्दद नावाच्या यक्षाचे स्थान होते व पुढे तेथेच भगवंतांसाठी विहार बांधण्यात आला, असे अट्ठकथेत त्यांनी नमूद केले आहे. आपल्या परंपरेने ही गोष्ट लपविली नाही. यक्षाच्या स्थानी विहार झाला, स्तूपावर मंदिर झाले, मंदिरांजवळ दर्गे झाले, आणि या बदलांतील काही सलोख्याने तर काही बळजोरीने झाले. कोणते कसे झाले हे प्रत्येक स्थळी स्वतंत्रपणे शोधावे लागते. सर्वत्र एकच कथा लावणे हा इतिहास नव्हे. ऐकीव गोष्टीवर, परंपरेवर वा केवळ तर्कावर विसंबू नये, हा कालामांना दिलेला उपदेश इतिहासाच्या अभ्यासकास अधिकच लागू पडतो.

हा प्रश्न केवळ विद्वत्तेचा नाही

कोणी म्हणेल, समाजाला अस्मितेची गरज असताना ही चिकित्सा कशासाठी? यास आमचे उत्तर असे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ डिसेंबर १९५४ रोजी देहूरोड येथे बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना करताना पंढरपूरच्या विठ्ठलाविषयी आपले मत मांडले. परंतु ते नुसते मत मांडून थांबले नाहीत. ते सिद्ध करण्यासाठी ग्रंथ लिहिण्याचा मनोदयही त्यांनी व्यक्त केला. आयुष्याने त्यांना तेवढी उसंत दिली नाही. त्यांच्या वचनातील पहिला भाग आपण सर्वांनी पाठ केला, दुसरा भाग मात्र विसरलो. दावा करणाऱ्यावर सिद्धतेचे ओझे असते, हे त्या निष्णात कायदेपंडितास ठाऊक होते.

दुसरे कारण व्यावहारिक आहे. बुद्धगयेचा महाबोधी विहार बौद्धांच्या ताब्यात असावा, ही मागणी पुराव्याच्या भक्कम पायावर उभी आहे. १९४९ च्या कायद्याने तेथील व्यवस्थापन समितीत हिंदू व बौद्ध सदस्य समसमान, प्रत्येकी चार, ठेवले व अध्यक्षपद जिल्हाधिकाऱ्याकडे दिले. १९९२ पासून भदन्त ससाई यांच्या नेतृत्वाखाली त्याविरुद्ध मोठे आंदोलन उभे राहिले. या मागणीच्या पाठीशी शिलालेख आहेत, यात्रिकांचे वृत्तान्त आहेत आणि वास्तू स्वतः साक्षीस उभी आहे. अशा न्याय्य मागणीच्या पंक्तीस आपण दहा असिद्ध दावे बसविले, तर असिद्ध दावे बलवान होत नाहीत, उलट सिद्ध दावा दुबळा होतो. विरोधक मग मनसरचे उदाहरण देऊन बुद्धगयेविषयी बोलू लागतो.

शिवाय मनसर आपले नाही असे मान्य केल्याने वाकाटककाळातील बौद्धांचा इतिहास नष्ट होत नाही. रामटेकजवळच्या हमलापुरी येथे बौद्ध कांस्यमूर्ती मिळाल्या असून शैव-वैष्णव राजधानीच्या छायेतही बुद्धोपासना चालू होती, हे त्यांनी सिद्ध केले आहे. वाकाटकांच्याच वत्सगुल्म शाखेच्या काळात, राजा हरिषेण याच्या अमदानीत, मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचे सोळावे लेणे संघास अर्पण केले. त्याचा शिलालेख आजही तेथे आहे. एकाच राजवंशाच्या एका शाखेने मनसरचे देवकुल उभारले आणि दुसरीच्या मंत्र्याने अजिंठ्याचा विहार कोरविला. खरा इतिहास हा असा आहे आणि तो कल्पित इतिहासाहून अधिक समृद्ध आहे.

आपल्यापुढील कार्य

नागार्जुनाचे स्मारक करावयाचेच असेल, तर ते त्याच्या ग्रंथांच्या अभ्यासाने अधिक चांगले होईल. त्याने सातवाहन राजास लिहिलेले म्हणून प्रसिद्ध असलेले 'सुहृल्लेख' हे पत्र मूळ संस्कृतात उपलब्ध नाही, परंतु तिबेटी व चिनी भाषांतरांत ते सुरक्षित राहिले. केशोरीच्या वाचकांस हे सांगताना आम्हांस विशेष आनंद होतो, कारण त्यांच्या शेजारीच, गोठणगाव-प्रतापगडच्या परिसरात, गेल्या शतकाच्या आठव्या दशकापासून तिबेटी निर्वासितांची नॉर्ग्येलिंग वसाहत आहे. नागार्जुनाचा वारसा जपणारी एक जिवंत परंपरा इटियाडोहच्या अलीकडे-पलीकडे नांदत असताना त्याला केवळ मनसरच्या विटांत शोधण्याचे कारण नाही. तेथील भिक्षू व आपले तरुण एकत्र बसून त्याचे ग्रंथ वाचू लागले, तर ते मोठेच कार्य होईल.

दुसरे कार्य गावोगावीचे आहे. गोंदिया व भंडारा हे १९९९ पर्यंत एकच जिल्हा होते आणि वैनगंगेच्या दोन्ही अंगांस जुन्या वस्त्यांच्या खुणा विखुरलेल्या आहेत. आपल्या शिवारात जुन्या मोठ्या विटा, कोरीव दगड, नाणी अथवा अक्षरे असलेली शिळा आढळल्यास तिला शेंदूर लावू नये, निळा वा पिवळा रंगही लावू नये आणि जागेवरून हलवू नये. ती कोणत्या गावी, कोणत्या शेतात, किती खोलीवर व कशासोबत मिळाली हे लिहून ठेवावे, छायाचित्र घ्यावे आणि पुरातत्त्व विभागास व विद्यापीठास कळवावे. वस्तू जागेवरून हलली की तिची अर्धी साक्ष संपते. ती आपली की दुसऱ्यांची हे ठरविण्याची घाई करू नये.

तिसरे कार्य सर्वांत सोपे आहे. मनसर अवश्य पाहावे. बौद्धांच्या एका संस्थेने चिकाटीने उजेडात आणलेले शैवांचे वैभव म्हणून पाहावे आणि आपल्या मुलांना तसेच सांगावे. त्यानंतर पवनीस जावे. जगन्नाथ टेकडीवर उभे राहून मुलांना मुचलिंदाची कथा सांगावी, ती कथा ज्या उदानात आली आहे त्याचे नाव सांगावे आणि वेदिकेवर ती कोरणाऱ्या, दान देणाऱ्या साध्या माणसांची आठवण करून द्यावी. ती माणसे आपली होती. त्यांच्याविषयी पुरावा आपल्या हाती आहे.